सदलगेबाईंची चाळण

पेटी मी आधीच उघडून पाहिली होती.

हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहितो आहे. बायकोला सांगितलेलं नाही. देवालाही नाही, कारण देवाशी माझे संबंध परीक्षांपुरतेच होते आणि शेवटची परीक्षा देऊन फार वर्षं झाली. वाचणाऱ्याला वाटेल, पेटी म्हणजे तिजोरी असेल, कुणाचे दागिने असतील. तसं काही नव्हतं. पेटीत नुसते आकडे होते आणि ते चोरून नेण्यासारखेही नव्हते. फक्त पाहण्यासारखे होते, आणि नेमकी पाहायलाच बंदी होती. मी पाहिले. मग सगळ्यांसमोर ‘पाहिले नाहीत’ म्हणालो. त्यापायी माझ्या ओळखीतल्या सर्वांत सरळ बाईच्या कामावर बट्टा लागला आणि मी मात्र प्राध्यापक झालो.

इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादिकेने ‘जयपुरात भेटलेलं एक माणूस’ असा विषय दिला आणि वर बजावलं, “हलकंफुलकं लिहा हं. लोक चकली खाता खाता वाचतात.” मी म्हणालो, निर्मला सदलगे यांच्यावर लिहितो. त्यांच्याबद्दल हलकंफुलकं पुष्कळ आहे. आधी तेच सांगतो. भित्रा माणूस ताटातल्या गोडापासून सुरुवात करतो, तसं.

आमचं काम समजावून सांगताना माझी नेहमी फजिती होते. सासरे विचारायचे, “म्हणजे नेमकं करता काय?” मी सांगायचो, की फार दूर कुठे तरी मोठे तारे कोसळतात तेव्हा अवकाशच थरथरतं. ती लहर पृथ्वीवर पोचेपर्यंत इतकी बारीक होते, की काही किलोमीटर लांबीची नळी अणूच्या गाभ्याहूनही कमी ताणली जाते. ते मोजणारी दोन यंत्रं परदेशात, एकमेकांपासून लांब उभी आहेत आणि त्यांचे आकडे जयपुरात आमच्या संगणकावर येतात. सासरे शांतपणे ऐकून म्हणायचे, “म्हणजे तिकडे हललं, की तुम्ही इकडे बघता.”

तंतोतंत. फक्त अडचण अशी, की इतकी नाजूक नळी सगळ्यांचंच ऐकते. ट्रक गेला, हलते. वारा सुटला, हलते. शेकडो मैलांवरचा समुद्र खवळला तरी हलते. शंभर थरथरी आल्या तर शंभरच्या शंभर इथल्याच असतात. त्या ओळखून काढून टाकायच्या आणि एकशे एकाव्या थरथरीची वाट पाहायची, हे आमचं शास्त्र. त्यात माणसांच्या दोन जाती. एक संकेत शोधणारे. हे बोलके असतात, सभेत पुढे बसतात, फोटोत मधोमध येतात. मी त्यातला. दुसरे गोंगाट शोधणारे. सदलगेबाई त्यातल्या.

बाई मिरजेच्या. ठेंगण्या, सुती पातळ, त्याखाली पांढरे कॅनव्हासचे बूट, आणि पर्समध्ये रुमालाशेजारी एक स्क्रूड्रायव्हर. लग्न केलं नव्हतं. कारण विचारलं तर “राहून गेलं की” एवढंच म्हणायच्या, जसं काही इस्त्रीचे कपडे आणायचे राहून गेले. पंचवीसेक वर्षं जयपुरात काढूनही त्यांच्या मराठीतला तो ‘की’ हलला नाही. राजस्थानी विद्यार्थी त्यांना ‘सदलगी मैम’ म्हणत. मी अकोल्याचा, त्यांच्याहून पंधरा वर्षांनी लहान, म्हणून मी बाई म्हणायचो आणि त्या मला विनायक, अरे-तुरे.

मिरजेत त्यांचं घर तंबोरे करणाऱ्यांच्या गल्लीत होतं. त्या म्हणायच्या, “दिवसभर जुळवत बसायचे बघ. जुळलेला तंबोरा कुणीही ऐकेल. न जुळलेला तासन् तास ऐकत बसायला धीर लागतो. तो माझ्याकडे आहे. तुझ्याकडे नाही.” ही निंदा नव्हती. त्या डेटा वाचावा तसं माणूसही वाचत आणि जे दिसलं ते सांगून मोकळ्या होत.

वैशाली नगरमध्ये आमच्या फ्लॅटवर त्या पहिल्यांदा जेवायला आल्या तो प्रसंग अनघा, म्हणजे माझी बायको, अजून पाहुण्यांना सांगते. भरली वांगी केली होती. बाईंनी घास उचलला आणि तो हातातच राहिला.

“तिखट झालं का?” अनघाने विचारलं.

“नाही की. झकास झालंय. तुमच्याकडे काही तरी गुणगुणतंय.”

अनघाने डाव खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचा अर्थ सांगायला हवा. घरात कसला तरी आवाज येतो, असं ती दोन वर्षं म्हणत होती आणि मी दोन वर्षं तिला सांगत होतो, की तो भास आहे. एकदा तर कागदावर आकृती काढून, मेंदू नसलेल्या गोष्टींत आकार कसा शोधतो, हे समजावलं होतं. जगातल्या सर्वांत बारीक थरथरीचा अभ्यासक मी. स्वतःच्या घरातली ऐकू आली नाही, त्यामुळे ती नसणारच, असा माझा हिशेब.

बाई उष्टा हात वर धरून उठल्या, भिंतीला कान लावत लावत गेल्या आणि चपलांच्या कपाटामागे थांबल्या. तिथे इन्व्हर्टर होता. “पत्रा सैल झालाय. पुठ्ठा आहे का?” मक्याच्या पोह्यांच्या खोक्याचा तुकडा दुमडून त्यांनी खाली सारला आणि आवाज थांबला. घर इतकं शांत झालं, की शेजारच्यांचं भांडण स्पष्ट ऐकू यायला लागलं.

“बाई, तुम्ही दर रविवारी या,” अनघा म्हणाली. मग माझ्याकडे वळून, “आणि तू ऐक तारे.”

दुसरा प्रसंग अरबी समुद्राचा. आमच्या विभागाच्या तळघरात विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी एक लहानसं भूकंपमापक आहे. एका हिवाळ्यात त्याच्या आलेखावर रोज संध्याकाळी एकसारख्या बारीक लाटा उमटायला लागल्या. मी खुर्चीत बसून त्यांचा अर्थ लावला. समुद्राच्या लाटा किनाऱ्यावर आदळतात, त्याचे धक्के जमिनीतून शेकडो मैल जातात, हे खरंच आहे. तेव्हा हा अरबी समुद्र. त्याच आठवड्यात दिल्लीहून पाहुणे यायचे होते. मी एक झकास स्लाइड केली, गुजरातचा किनारा निळा रंगवला आणि गटप्रमुख माथुरसाहेबांना पाठवूनही दिली.

बाईंनी स्लाइड पाहिली. “जाऊन बघितलंस?”

“कुठे बाई, अरबी समुद्रात?”

“रस्त्यावर.”

त्या मला घेऊन बाहेर पडल्या. फाटकासमोर, रस्त्यापलीकडे, एक मॅरेज गार्डन होतं. हिवाळा म्हणजे लग्नांचे दिवस. दारात वरात अडकली होती, घोडीवरचा नवरदेव पेंगत होता आणि त्याच्यापुढे डीजेची गाडी पोटात कळ येईल अशी धडधडत होती. बाई सरळ त्या डीजेवाल्याकडे गेल्या.

“भैया, दो मिनट बंद करो. फिर चालू कर देना.”

“मैडम, बारात है,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. हे बाईंच्या लक्षात आलं नसावं, म्हणून त्याने माहिती दिली.

मला तळघरात पिटाळण्यात आलं. फोनवर बाई विचारत होत्या, “आता?” मी म्हणालो, “थांबलं.” “आता?” “सुरू झालं.” असं तीनदा झालं. अरबी समुद्र तीनदा थांबला आणि तीनदा खवळला. नवरदेवाचे वडील घाबरून पुढे आले, काही परवानगीचं लफडं आहे का म्हणून. बाई त्यांना म्हणाल्या, “कुछ नहीं. आपकी शादी हमारी मशीन में आ रही है.” ते इतके खूश झाले, की आम्हाला जेवल्याशिवाय सोडेनात. दिल्लीचे पाहुणे मात्र दुसऱ्या दिवशी आले तेव्हा माथुरसाहेब अभिमानाने सांगत होते, “हमारे यहाँ तो अरब सागर तक रिकॉर्ड होता है.” मी मान खाली घालून चहा ढवळत होतो. त्यात साखर नव्हती.

‘जाऊन बघ’ हा बाईंचा एक मंत्र. दुसरा त्याच्या बरोबर उलटा होता, ‘बघायचं नाही.’ नवखे गोंधळत. बाई समजावायच्या, “आवाज कुठून येतो ते जाऊन बघायचं. निकाल काय लागतो ते सगळं ठरवून झाल्याशिवाय बघायचं नाही. निकाल बघून नियम केला, की नियम आपल्याला हवं तेच बोलायला लागतो.”

स्वतःला त्यांनी यातून सूट दिली नाही. एकदा रक्तातली साखर तपासली. दुर्गापुऱ्यात त्यांच्या घराजवळ एक डॉक्टर होते, त्यांच्याकडे मी सोबत गेलो होतो. रिपोर्टचं पाकीट बाईंनी हाताखाली दाबून धरलं आणि म्हणाल्या, “पहले बताइए, कितना निकला तो गोली शुरू करनी है?”

“अरे मैडम, पहले देख तो लें.”

“देखने के बाद आप मुझ पर दया करेंगे.”

डॉक्टरांनी निमूट एक आकडा सांगितला. पाकीट उघडलं, तर साखर त्याच्यावर जेमतेम दोन. डॉक्टर म्हणायला लागले, की दो ही तो है, जरा चालून बघा, तीन महिन्यांनी पुन्हा… बाईंनी त्याच दिवशी गोळी सुरू केली. भाजी घेतानाही तेच. गाडीवाल्याला भाव विचारायच्या आधी मनात ठरवायचं, इतक्यापर्यंत घ्यायची, नाही तर नाही. कितीदा तरी त्या मेथीशिवाय घरी आल्या. घासाघीस त्यांना अनैतिक वाटायची.

आता चाळणीकडे येतो. जास्त लांबवता येत नाही.

त्या नळ्यांच्या आसपास शेकडो राखणदार कान बसवलेले असतात, मायक्रोफोन आणि तसली बरीच यंत्रं. नळी थरथरली आणि त्याच क्षणी जवळचा मायक्रोफोनही ओरडला, तर ती थरथर ताऱ्याची नव्हे, बाहेरच्या ट्रकची. तेवढा तुकडा कापून टाकायचा. मायक्रोफोन किती ओरडला तर कापायचं, ती रेघ बाई आखायच्या. या सगळ्या रेघांना मिळून त्या चाळण म्हणत. फक्त आमच्याच नव्हे, त्या प्रकारच्या शोधात असलेल्या देशोदेशीच्या गटांसाठी चाळण जयपुरात, सदलगेबाईंच्या टेबलावर तयार व्हायची. नावापुढे याहून मोठी पाटी त्यांना नको होती.

आम्ही शोधत होतो ती लहर स्वतःतच कोसळणाऱ्या ताऱ्याची. एकमेकांवर आदळणाऱ्या जोड्यांच्या लहरी आता बऱ्याच सापडल्या आहेत आणि त्यांची चाल माहीत आहे. ही मात्र अजून कुणालाच मिळालेली नाही, आणि ती कशी दिसेल हेही धड ठाऊक नाही. चेहरा न पाहिलेल्या पाहुण्याला आणायला स्टेशनवर जावं, तसं. अशा वेळी चाळणीवरच सगळी मदार. म्हणून पद्धत अशी, की आकड्यांचा एक लहान भाग सरावासाठी वेगळा काढायचा, त्यावर रेघा ठरवायच्या आणि मग त्या गोठवायच्या. उरलेला सगळा भाग तोवर बंद. तीच पेटी. ती एकदाच, सगळ्यांदेखत उघडायची.

त्या दिवशी बाई सकाळीच प्याज कचोरी आणायच्या. पेटी उघडायच्या आधी खायची, नंतर नाही. निकालावर कचोरी अवलंबून ठेवायची नाही, हे तत्त्व. आणि खाता खाता एकेकाने आपापल्या भाषेत मोठ्याने सांगायचं, ‘मी पाहिलेलं नाही.’ सुरुवात बाईंची. माथुरसाहेब हसत म्हणायचे, “हमने भी नहीं देखा जी.” लोकांना तो गमतीचा खेळ वाटे. बाईंना वाटत नसे.

मी पेटी पाहिली त्या दिवशी गणगौरच्या सणाची सुट्टी होती. सगळं शहर मिरवणूक बघायला गेलं होतं आणि मी विभागात एकटाच होतो. पेटीतल्या नव्या फाइली पूर्ण उतरल्या आहेत का, हे तपासायला गेलो होतो. ते त्यांच्या आकारावरून कळतं, दोन मिनिटांचं काम. पण मी स्वतःला सांगितलं, की एकदा पूर्ण चालवून बघितल्याशिवाय खात्री कशी होणार. तेव्हा मी बेचाळीस वर्षांचा होतो. बरोबरीचे सगळे प्राध्यापक झाले होते. एवढंच कारण आहे. आणखी उदात्त कारण शोधून पाहिलं, सापडलं नाही.

प्रोग्रॅमने काढलेल्या यादीत सर्वांत वर एक थरथर होती, दोन्ही यंत्रांत, एकाच क्षणी. देखणी. शेजारी मायक्रोफोनचा आकडा होता, नऊ. मी पडदा बंद केला. पण तोवर मला पाहिजे ते आणि नको ते, दोन्ही दिसलं होतं. बाई त्या आठवड्यात मायक्रोफोनची रेघ आठावर घ्यावी की दहावर, याचा विचार करत होत्या. आठावर घेतली तर माझा तारा कापला जाणार होता. दहावर घेतली तर राहणार होता.

सोमवारी त्या माझ्या खोलीत आल्या. “आठ घेऊ की दहा? सरावाच्या भागावर दोन्ही सारखेच दिसतात. आठाने चांगला डेटाही थोडा जातो. तुला काय वाटतं?”

मी छताकडे पाहिलं. विचार करणारा माणूस छताकडे पाहतो, हे मी सिनेमात शिकलो होतो. मग चांगला डेटा फुकट घालवण्याच्या दुष्परिणामांवर मी छोटंसं व्याख्यान दिलं. ते खरोखर चांगलं होतं. वर्गात मी इतकं चांगलं कधी शिकवलेलं नाही.

“पटतंय,” बाई म्हणाल्या. “दहा.”

पेटी उघडायच्या दिवशी माझी पाळी आली तेव्हा माझ्या तोंडात कचोरी होती. “मी पाहिलेलं नाही,” मी म्हणालो. भरल्या तोंडाने खोटं बोलणं सोपं जातं. आवाजातला फरक कचोरीच्या नावावर खपतो. सैल पत्रा भिंतीआडून ऐकणाऱ्या बाई हातभर अंतरावर उभ्या होत्या आणि त्यांना काही ऐकू आलं नाही, कारण त्यांनी कान लावलाच नव्हता. आमच्यातल्या माणसांना त्या गोंगाटात धरत नसत.

मग व्हायचं ते झालं. पेटी उघडली, तारा निघाला, माथुरसाहेबांनी मला मिठी मारली. महिन्याभरात सगळ्या गटांची पडद्यावर बैठक भरली. पलीकडून कुणी तरी शांतपणे विचारलं, की मायक्रोफोन नऊ दाखवतो आहे, रेघ आठावर असती तर ही थरथर गेलीच असती, मग दहा कशावरून? प्रश्न अगदी रास्त होता. इतका रास्त, की मी पाण्याचा पेला उचलला.

बाई उभ्या राहिल्या. पडद्यावरच्या बैठकीत उभं राहिलं की डोकं दिसेनासं होतं, हे त्यांच्या गावी नव्हतं. सगळ्या देशांना फक्त एक निळं पातळ दिसत होतं आणि त्यातून आवाज येत होता. इंग्रजीत बोलल्या, त्याचा अर्थ असा: “रेघ आखली तेव्हा पेटी बंद होती. माझ्या गटातल्या प्रत्येकाने तसं सांगितलं आहे. प्रत्येकाच्या वतीने शब्द मी देते.” पलीकडचा माणूस म्हणाला, “सदलगे म्हणत असतील तर माझा प्रश्न नाही.” विषय संपला. मी त्यांच्या शेजारीच होतो, कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर, सोयीस्कर जागी.

तारा पुढे सहा-सात महिने जगला. त्याला मारलं बाईंनीच. सगळे आनंदात असताना त्या यंत्राजवळच्या लोकांना निरोपामागून निरोप पाठवत होत्या, की त्या क्षणी बाहेर काय चाललं होतं ते जाऊन विचारा, पाळीवर कोण होतं ते शोधा. अखेर उत्तर आलं. बर्फ हटवणारी गाडी वळताना तिचा फाळ दगडावर आपटला होता. दुसऱ्या यंत्रात त्याच क्षणी एक मामुली खुट्ट झालं होतं, निव्वळ योगायोगाने. बाईंनी स्वतः सगळ्यांना लिहून कळवलं, की आमचा संकेत हा गोंगाट आहे.

लोक सभ्य होते. कुणी आवाज चढवला नाही. फक्त ‘चाळण गळकी निघाली’ असं ठरलं आणि रेघा आखायचं काम दुसऱ्या देशातल्या गटाकडे गेलं. माथुरसाहेब म्हणाले, “निर्मलाजी, बहुत काम कर लिया, अब थोड़ा आराम कीजिए.” माझं सांत्वन झालं. बिचाऱ्या विनायकचा तारा गेला, म्हणाले. पुढच्या वर्षीच्या मुलाखतीत ‘धाडसी विश्लेषण’ म्हणून त्याचा उल्लेख झाला आणि मला बढती मिळाली.

काम गेल्याचं बाईंनी मनाला लावून घेतलं नाही. त्यांना छळलं ते एका गणिताने. रेघ न बघता आखली असेल, तर एवढा एकच तुकडा, नेमका आठ आणि दहाच्या मधला, नेमका सर्वांत देखणा म्हणून वर यावा, याची शक्यता नगण्य होती. “इतकं दुर्दैव नसतं रे,” त्या म्हणायच्या. “गळती आहे कुठे तरी. मला सापडत नाही, एवढंच.” गणित चोख होतं. फक्त त्यात मी धरलेला नव्हतो.

निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. ती त्यांनी स्वतःच्या चाळणीत भोक शोधण्यात घालवली. घड्याळं तपासली, मायक्रोफोन तपासले, प्रोग्रॅमची ओळ न् ओळ. आणि मदतीला कोण, तर मी. आठवड्यातून दोन दुपारी मी त्यांच्या शेजारी बसून, नसलेली चूक मन लावून शोधायचो. अगदीच रिकाम्या हाताने उठणं बरं दिसत नाही, म्हणून कधी एखादी टीप अस्पष्ट आहे, कधी स्वल्पविराम चुकला आहे, असलं काही काढून द्यायचो. “तू आहेस म्हणून बरं,” त्या म्हणायच्या. मग चष्मा पुसत, “दहा का घेतलं आपण, आठवतंय?” त्या ‘आपण’मध्ये त्या स्वतःला धरत. मी म्हणायचो, “डेटाच तसा होता, बाई.”

एकदा ठरवून त्यांच्या घरी गेलो. सांगायचंच म्हणून. त्या ताक करत होत्या. मी म्हणालो, “बाई, एक सांगायचं होतं.” त्यांनी रवी थांबवली आणि उजवा कान माझ्याकडे केला. पूर्ण लक्ष देताना त्या तसं करत. खोलीत दुसरा आवाज नव्हता, पंख्याचा सोडून.

“बोल की.”

“तुमच्या पंख्याचं एक पातं वाकलंय.”

त्यांनी वर पाहिलं, क्षणभर ऐकलं आणि त्यांचा चेहरा असा फुलला, की तो मला अजून दिसतो. “अरे, खरंच की. मला कसं नाही कळलं? आता तुला ऐकू यायला लागलं, विनायक.” त्या दिवशी त्यांनी मला दोन पेले ताक पाजलं आणि दोन्ही मी प्यायलो.

निवृत्तीनंतर त्या मिरजेला परत निघाल्या. दुर्गापुऱ्याचं स्टेशन घरापासून दहा मिनिटांवर, म्हणून गाडी तिथूनच घेतली. सामान दोन बॅगा आणि एक पोतं. पोत्यात काय, विचारलं, तर बाजरी. मी सगळं डब्यात चढवून खाली उतरलो आणि खिडकीशी उभा राहून भावुक चेहऱ्याने हात हलवत राहिलो. एसी डब्याच्या काळ्या काचेतून आतलं काही दिसत नाही. बराच वेळ हलवल्यावर डावीकडून हाक आली, “इकडे, शहाण्या. तिथे कोण मारवाडी कुटुंब बसलंय, घाबरली ती माणसं.” बाई दारात उभ्या होत्या.

गाडी सुटायला थोडा वेळ होता. त्या म्हणाल्या, “प्रोग्रॅम सगळा सोबत घेतलाय. मिरजेत वेळच वेळ आहे. ती गळती मी काढेन.”

“आता सोडून द्या की बाई.” त्यांचा ‘की’ माझ्या तोंडी कधी आला, कळलं नाही.

“तसं कसं? माझ्या शब्दावर लोकांनी विश्वास ठेवला होता. कुठे चुकलं ते त्यांना सांगायला नको?” मग म्हणाल्या, “तुला काही आठवलं, तर कळव.”

“हो,” मी म्हणालो.

गाडी हलली. बाई दारातून आत गेल्या नाहीत. एका हाताने दांडा धरून, पातळाचा पदर कमरेला खोचून, त्या फलाटाकडे बघत होत्या. मला वाटलं, माझ्याकडे. पण नाही, त्या वाकून खाली, चाकांकडे बघत होत्या. कुठलं तरी चाक वेगळं वाजत असणार. फलाट संपेपर्यंत त्या तशाच वाकलेल्या होत्या. त्यानंतर मी त्यांना पाहिलेलं नाही.

दिवाळीला त्यांचा फोन येतो. तब्येत बरी आहे, डोळ्यांचं ऑपरेशन झालं, आणि गळती अजून सापडली नाही, असं सांगतात. मंडळाची वर्गणी त्या अजून भरतात, त्यामुळे हा अंक त्यांच्याकडे जाईल. तो पोचण्याच्या आधी मी मिरजेला जायला हवं. त्यांच्यासमोर बसून सांगायला हवं, की तुमची चाळण धड होती, मी पेटी आधी पाहिली होती आणि दहा म्हणून मीच तुम्हाला गळ घातली. आणि ज्या लोकांसमोर त्यांनी माझ्या वतीने शब्द दिला, त्या सगळ्यांना माझ्या नावाने हेच लिहून कळवायला हवं. यातलं काहीही मी अजून केलेलं नाही.